थंड पाण्यात सुटणारा डाग

१७ मे, रविवार. त्या दिवशीचं काम होतं कूलर उतरवणं.

नागपुरात मे महिन्यात कूलर कोणी उतरवत नाही. मार्चच्या शेवटी लावतात आणि पाऊस स्थिरावला की काढतात. म्हणून मी खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडशी स्टूल लावून पंप सोडवत होते, तेव्हा शेजारीण गच्चीवर पापड उलटायचे सोडून माझ्याकडेच बघत होती.

"काहून वं ताई, बिघडला का?"

"नाही."

"मंग एवढ्या उन्हात काढून काहून राहिली?"

"डॉक्टरनं सांगतलं. कूलरच्या ओल्या गवतात बुरशी धरते. ते हवेसंगं यांच्या छातीत जाईन."

"बाप्पा! मंग झोपतीन कसे भाऊजी?"

"पंख्याखाली. आपण लहानपणी झोपलोच ना."

ती पापडांकडे वळली. लहानपणी आपण अंगणात झोपत होतो, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

सात आठवडे दवाखान्यात काढून नवरा उद्या घरी येणार होता. सोमवारी दुपारी प्लेटलेटची एक पिशवी चढवायची, संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवायचं आणि सोडायचं, असं ठरलं होतं. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. दीड लाखाच्या वर असाव्या लागतात, यांच्या शनिवारी आठ हजार होत्या. त्या चढवल्याशिवाय घरी सोडणार नव्हते, आणि सोडणं राहू दे, पण इतक्या कमी पेशींवर फार दिवस ठेवणं बरं नाही, डोक्यात रक्तस्राव झाला तर हातात काही राहत नाही, हे डॉक्टरांनी आवाज न चढवता सांगितलं होतं. पिशवी दुकानात मिळत नाही. जिवंत माणूस न्यावा लागतो. त्याला दीड तास मशीनला जोडतात, प्लेटलेट काढून घेतात आणि बाकीचं रक्त त्याला परत देतात. सोमवारचा माणूस ठरलेला होता, माझ्या बहिणीचा मुलगा.

गवताच्या ताट्या काढून पोत्यात भरल्या, टाकी उलटी करून घासली. हात धुतच होते तर त्याचा फोन आला.

"मावशी, कालपासून ताप हाये मले. एकशे दोन."

"झोप मग. पाणी पी."

"उद्याचं कसं मंग?"

"पाहतो मी."

फोन ठेवला आणि त्याच ओल्या स्टुलावर बसले. मला राग आला नाही, रडू आलं नाही. फक्त उठावंसं वाटेना.

उद्या माणूस कुठे मिळेल हे मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानठेला आहे. सकाळी सात वाजता तिथे दहाबारा पुरुष उभे असतात, कामावर जाण्याआधी. पण त्या ठेल्यासमोर मी मार्चपासून थांबले नव्हते. गाडी काढली की मान सरळ ठेवून पुढे जात होते. त्याला कारण होतं, आणि ते सांगायचं तर संक्रांतीपासून सांगावं लागेल.

आमचे हे खापरखेड्याच्या बाजूला वीजकेंद्राच्या भांडारात कामाला. तेवीस वर्षं खर्रा खात होते. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, तो खर्रा. दिवसाला चार पुड्या. तेवीस वर्षं मी त्यांच्या शर्टांच्या खिशांवरचे, बाह्यांवरचे, उशीच्या अभ्र्यांवरचे डाग काढत आले. यंदा संक्रांतीला मी हळदीकुंकवाच्या डब्या पुसत बसले होते. हे समोर आले, खिशातली अर्धी पुडी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"हे घे. यंदाचं तुह्यं वाण."

"वाण लुटतेत. कचऱ्यात नाही टाकत."

"तुले लुटाले पाहिजे असंन तं काढून देऊ का वापस?"

मी हसले नाही. याआधी चार वेळा सोडून झालं होतं. सगळ्यात लांबचं सोडणं अकरा दिवस टिकलं होतं.

जानेवारी संपता संपता जिन्याचं सुरू झालं. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, सोळा पायऱ्या. हा माणूस गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन त्या चढत असे. आता आठव्या पायरीवर थांबू लागला. मी वरून डोकावलं की मोबाइल काढून बघत उभा. मी काय समजायचं? मी समजले की घरात यायच्या आत तिथे उभं राहून खर्रा संपवून येतात. दम लागतो, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांच्या आलं होतं, पण त्यांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला होता. ठेल्यावरच्या मित्रांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की खर्रा सोडला की दोन महिने अंग ढिलं राहतं, मसुडे म्हणजे हिरड्या फुटतात, जीव उदास होतो. त्यामुळे जे होत होतं ते त्यांना सोडल्याची खूण वाटत होतं. आणि मला खाल्ल्याची.

शेजारणीची तर तिसरीच तऱ्हा. फेब्रुवारीत एकदा ती म्हणाली, "भाऊजीचा रंग उघडला हो ताई. खर्रा सोडला तं चेहरा कसा गोरा दिसून राहिला." मीही बघितलं. खरंच गोरे दिसत होते. ओठसुद्धा गोरे झालेत, हे मी बघितलं आणि सोडून दिलं. घरात फॉल-पिकोचं दुकान आहे, समोर लग्नसराईच्या साड्यांचा ढीग होता.

मग धुळवड आली. ते खेळायला उतरले नाहीत, पण खालच्या पोरांनी हाताला धरून ओढून नेलं. दोन्ही दंडांवर जांभळे पट्टे घेऊन वर आले. पक्का रंग लावला म्हणून मी पोरांना शिव्या दिल्या. बेसन लावून झालं, खोबरेल तेल लावून झालं, दही लावलं. पट्टे निघाले नाहीत. आठवड्याभराने ते कडेने हिरवट झाले, मग पिवळे. रंगांत काय काय घालतात आजकाल, असं म्हणून मी मोकळी झाले. दंडावर चार बोटांचे ठसे वेगवेगळे दिसत होते. रंग असा बोटं मोजून लागत नाही, एवढी साधी गोष्ट. पण त्या दिवसांत मी त्यांच्या दंडांकडे बघतच नव्हते, तोंडाकडे बघत होते.

कारण बेसिन. सकाळी दात घासून हे बाहेर पडले की बेसिनमध्ये लालसर ओघळ राहत होता. पाणी टाकायचे, पण कडेला एखादी रेघ उरायचीच. पहिल्या दिवशी मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले.

"सोडला म्हणता आन बेसिन लाल करता."

"ब्रश कडक हाये वं."

"तेवीस वर्षं नव्हता कडक?"

ते बाजारात जाऊन नरम ब्रश घेऊन आले. ओघळ थांबला नाही. मग मी रोज संध्याकाळी त्यांना दिव्याखाली उभं करून तोंड उघडायला लावू लागले, शाळेत नखं तपासतात तसं. खिसे बघितले. डबा बघितला. गाडीची डिक्की उघडली.

"टायरबी पाह्यून घे," ते म्हणाले. "ट्यूबमध्ये भरून आणत असंन."

"भरालही तुमी."

"मी खाऊन नाही राहिलो. कितीकदा सांगू?"

"मंग तोंडातून लाल काय येऊन राहिलं?"

त्यांनी उलटे केलेले खिसे आत ढकलले. उत्तर नाही म्हणजे गुन्हा कबूल, असा माझा हिशेब. एका रविवारी मात्र ते बोलता बोलता खुर्चीवरच झोपले, तोंड उघडं टाकून, आणि मी जवळ जाऊन वास घेतला. तंबाखूचा वास नव्हता. तरी मी मनाशी म्हटलं, वेलची खात असतील वरून.

मार्चच्या मध्यावर मी ठेल्यावर गेले. भाजी घेऊन येत होते, संध्याकाळचे साडेपाच, सहासात जण उभे. ठेलेवाला आमच्याच वयाचा, यांना भाऊ म्हणतो, मला वहिनी. मी गाडीवरून उतरलेही नाही.

"किती देता तुमी यांना रोज?"

त्याचा पन्नी घोटणारा हात थांबला. "कोणाले वहिनी? भाऊले? भाऊ तं संक्रांतीपासून हात नाही लावून राहिले. येतेत, उभे राहतेत, चहा पितेत, जातेत."

"लपवू नका."

"आईची आन वहिनी."

"आई तुमची, आन तुमची, धंदाबी तुमचाच. माह्या घरचं बेसिन रोज लाल होते, ते काय तुमच्या आईच्या आननं धुऊ मी?"

मागे कोणीतरी हसलं. ठेलेवाला हसला नाही. त्याने मला विचारलं, अगदी हळू, "लाल होते?"

"हाव. लाल."

"वहिनी, खर्र्याची थुंकी मातकट राहते. लाल तं कात लावलेल्या पानाची. भाऊ पान खातच नाही. तुमी जरा..."

"मले शिकवू नका," मी म्हणाले. आणखीही बोलले. तुमच्यासारख्यांनी अख्खी गल्ली सडवली, पोलिसात देईन, असलं. ते सगळं इथे लिहीत नाही. लोक ऐकत होते आणि तो मान खाली घालून पन्नी हातात धरून उभा होता. मी गाडी सुरू केली आणि निघाले, आणि घरी येईपर्यंत मला फार बरं वाटत होतं.

यांच्या आजाराचं पहिलं लक्षण ओळखणारा माणूस तो होता. मी तेवीस वर्षं खर्र्याचे डाग धुतलेली बाई. ते तपकिरी असतात, हे मला त्याच्याहून चांगलं माहीत असायला हवं होतं. पण मी डाग बघत नव्हते, पुरावा बघत होते.

मार्चचा शेवटचा रविवार. यांना बारीक ताप होता, नाश्ता न करता परत झोपले होते. मी अभ्रे धुवायला काढले. यांच्या उशीवर तळहाताएवढा डाग. मनात म्हटलं, झोपेत गालात ठेवून झोपतात, आता सापडले. खर्र्याचा डाग कसा काढायचा याची माझी रीत ठरलेली आहे. आधी लिंबू आणि मीठ चोळायचं, मग उन्हात टाकायचं, मग सोडा घालून गरम पाणी, आणि एवढं करून पिवळी खूण राहतेच. लिंबू आणायला आत जायचं म्हणून तोवर अभ्रा थंड पाण्याच्या बादलीत टाकला. तेवढ्यात खालून गिऱ्हाईक आलं, दोन साड्यांना फॉल लावायचा होता. रंग जुळवण्यात पंधरावीस मिनिटं गेली.

परत आले तर बादलीतलं पाणी गुलाबी झालं होतं आणि अभ्रा जवळजवळ पांढरा.

मी लिंबू हातात घेऊन उभी राहिले. काही न लावता, नुसत्या थंड पाण्यात सुटणारा एकच डाग मला माहीत आहे. तो कोणत्याही बाईला माहीत असतो. बारातेराव्या वर्षापासून आपण तो गुपचूप धूत असतो, आणि गरम पाणी टाकायचं नाही हे आईने कानात सांगितलेलं असतं.

आत गेले. पडदा सरकवला. हे भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. दोन्ही नडग्यांवर लाल ठिपके होते, रव्याच्या दाण्याएवढे, शेकडो. मोज्याची पट्टी बसते तिथे दाट. घामोळ्या म्हणावं तर त्या हाताला लागतात, हे सपाट होते. एकावर बोट दाबलं. घामोळी दाबली की क्षणभर पांढरी होते. हा ठिपका दाबूनही तितकाच लाल राहिला. मग बाही वर केली. धुळवडीचा पिवळा पट्टा अजून होता, आणि त्याच्या वर एक नवा, निळा. या वेळी रंग कोणीच लावला नव्हता.

"अजी," मी म्हटलं. "उठा."

"काय झालं? सापडली का पुडी?"

"हे पायाचं कधीपासून हाये?"

"काय पायाचं?" त्यांनी मान वळवून पाहिलं. "असंन पंधरा दिवसांपासून. खाजत नाही ना, म्हणून नाही सांगतलं."

"आन जिन्यात थांबता ते?"

त्यांनी पायजमा खाली ओढला. मग म्हणाले, "दम लागते वं. कानात धडधड ऐकू येते. तुले सांगतलं असतं तं तू म्हणली असती, खा अजून खर्रा."

म्हटलं असतंच. मी कपडे बदला म्हणाले.

रविवारी उघडी असलेली एक लॅब सापडली. रक्त काढल्यावर सुईच्या जागेवर कापूस दाबून धरला तरी पाऊण तास ओला होत राहिला. रिपोर्ट मोबाइलवर येईल म्हणाले होते. रिपोर्ट आला नाही, लॅबवाल्याचाच फोन आला. "काकू, मी दोनदा तपासलं. सकाळची वाट नका पाहू, आजच मोठ्या दवाखान्यात न्या. आणि गाडीवर मागे नका बसवू, ऑटो करा." रिपोर्ट त्यामागून आला: हिमोग्लोबिन साडेपाच. प्लेटलेट नऊ हजार. पांढऱ्या पेशी दोन हजारांच्या आत. मला यातलं एकच कळलं, की तीन आकड्यांसमोर तीन बाण होते आणि तिन्ही खाली.

दवाखान्यात आधी सगळ्यांनी विचारलं ते डेंगू आणि सिकलसेल. विदर्भात रक्ताचं काही निघालं की सिकल विचारतातच. दोन्ही नव्हतं. मग कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला आणि तपासायला पाठवला. रक्ताच्या डॉक्टर म्हणजे पस्तीस-छत्तीस वर्षांची मुलगी, केस घट्ट बांधलेले, वायफळ एक शब्द नाही. मला आवडल्या. रिपोर्ट आल्यावर त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"याला अप्लास्टिक अॅनिमिया म्हणतात. कॅन्सर नाही. रक्त हाडांच्या आत तयार होतं. तुमच्या हाडांत ते तयार होणं जवळजवळ थांबलंय. लाल पेशी कमी, म्हणून दम आणि थकवा, चेहरा पांढरा. प्लेटलेट कमी, म्हणून हिरड्यांतून रक्त, पायावर ठिपके, दाबलं की डाग. पांढऱ्या पेशी कमी, म्हणून ताप. तिन्ही एकदम."

"म्हणजे तिन्ही युनिट बंद," हे म्हणाले. "कोळसा संपला का मॅडम?"

"कोळसा आहे. तुमच्याच गेटवरचे गार्ड, म्हणजे प्रतिकारशक्ती, कामगारांना मारून हाकलतायत. औषध गार्डला आवरण्यासाठी देणार आहोत."

"कोणी भडकवलं त्याईले?"

"बहुतेकांत कारण सापडत नाही." मग त्यांनी कागद घेतला. कोणती औषधं घेता, फवारणी करता का, केमिकलशी संबंध येतो का. सगळ्याला नाही. "तंबाखू?"

"खर्रा. सोडला. संक्रांतीपासून."

डॉक्टरांनी लिहिलं: तंबाखू, जानेवारीपासून बंद. एक ओळ. तोंड उघडायला लावलं ते हिरड्या बघायला. माझ्याकडे खात्री करायला बघितलंसुद्धा नाही. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते आणि ती ओळ मला उलटी दिसत होती.

"यांना बेसिनमधलं रक्त केव्हापासून दिसत होतं?" त्यांनी मला विचारलं.

"फेब्रुवारीच्या शेवटापासून."

"मग यायला एवढा उशीर?"

"मला ते खर्रा वाटत होतं," मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. असं बरेच जण म्हणत असावेत.

एप्रिल दवाखान्यात गेला. गार्डला आवरायचं औषध आठवड्यात देऊन झालं, पण ते लागू पडायला तीनचार महिने लागतात आणि पडेलच असं नसतं. तोवर रक्त आणि प्लेटलेट बाहेरून, आणि जंतूंपासून दूर राहायचं. ब्लेडने दाढी नाही. कच्चं काही नाही, कोशिंबीर नाही, ताक नाही. पाहुणे नाहीत. फुलं नाहीत, कुंडीसुद्धा नाही. कूलर नाही. मी दुकान सकाळी दोन तास उघडत होते, बाकी दिवस बाकड्यावर. मुलगी पुण्याहून दोनदा येऊन गेली. मी स्वतः प्लेटलेट द्यायला गेले तर माझंच हिमोग्लोबिन कमी निघालं, नस बारीक निघाली, परत पाठवलं. यांची बहीण दिवसाआड डबा पाठवत होती. नातेवाइकांची यादी एप्रिलमध्ये वापरून झाली. कोणाला साखर, कोणी दुखण्याची गोळी घेतलेली, कोणाचं गेल्याच आठवड्यात देऊन झालेलं.

म्हणून त्या रविवारी, कूलर जिन्याखाली सरकवून झाल्यावर, मी सहा फोन केले. सहावा झाल्यावर यांचा आला.

"उद्याचा माणूस पक्का ना?"

"ताप आला त्याले."

"मंग?"

"पाहून राहिली."

"ठेल्यावर जा ना वं. सकाळी सातले धाबारा जण उभे राहतेत. त्यातला एखादा तं बी पॉझिटिव्ह निघंनच."

"पाहतो दुसरीकडे."

"काहून? गेली होती ना एकडाव. रस्ता ठाऊक हाये तुले."

फोनमधून सलाइन स्टँडच्या चाकांचा आवाज येत होता, कोणाचं तरी नेत होते.

"कोणं सांगतलं तुमाले?"

"अख्ख्या गल्लीले माहीत हाये. मले दुसऱ्याच दिवशी सांगतलं लोकाईनं. ठेलेवाल्यानं नाही सांगतलं, बाकीच्याईनं." मग दम घेतला. दोन वाक्यांनंतर त्यांना दम घ्यावाच लागतो. "तो तं मले एवढंच म्हणे, भाऊ, एकडाव रक्त तपासून घ्या."

"आन तुमी?"

"मी म्हटलं, सोडल्यानं होते असं."

मग ते म्हणाले, "कूलर काढला का?"

"काढला."

"मस्त. आता मेलो तं गर्मीनंच मरंन."

"झोपा," मी म्हणाले.

सोमवारी सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना मी गाडी काढली. यांची फाइल पिशवीत घेतली होती, रक्तगट लिहिलेलं पान वर. ठेल्यावर नऊ जण होते. मी गाडी स्टँडवर लावली आणि या वेळी उतरले. ठेलेवाल्याने मला बघितलं आणि पन्नी बाजूला ठेवली. बाकीचे थोडे सरकले.

"संक्रांतीपासून यांनी खर्रा खाल्लेला नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मी त्या दिवशी अठी येऊन जे बोलली ते चूक होतं. तुमी सांगतलेलं बरोबर होतं, ते रक्तच होतं."

"राहू द्या वहिनी," ठेलेवाला म्हणाला. "भाऊ कसे हायेत?"

"आज घरी आणायचे हायेत. पण त्याआधी माणूस पाहिजे, प्लेटलेट द्यायले. दीड तास लागते, दुखत नाही फारसं. बी पॉझिटिव्ह कोण हाये?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. ठेलेवाला म्हणाला, "मी ओ हाव, नाहीतर आलो असतो." कडेला उभ्या असलेल्या, हेल्मेट हातात धरलेल्या एकाने हात वर केला. तिशीचा, उंच, दंडावर शिरा दिसत होत्या. तोंड भरलेलं असल्यामुळे नुसतं हूंहूं करत होता.

"बे, थुंक आधी!" ठेलेवाला म्हणाला. "वहिनीसमोर का गुळणी धरून बोलतं!"

त्याने नालीकडे वळून थुंकलं. मी बघितलं. मातकट होतं.

"मी हाव बी पॉझिटिव्ह," तो म्हणाला. "मागच्या वर्षी शिबिरात काढलं होतं. पण मले मिहानले कंपनीत नऊ वाजता पोचा लागते."

"सुपरवायझरचा नंबर द्या, मी बोलतो त्याच्याशी. दुखण्याची गोळी घेतली का तीनचार दिवसांत?"

"नाही."

"ताप, दात काढला, टॅटू?"

"नाही काकू. सुई कितीक मोठी राहते?"

"बघू नका तिकडे. नाश्ता?"

"तर्री पोहे खाणार होतो आता."

"तर्री नाही. तेलानं रक्त खराब येते, वापस पाठवतेत. नुसते पोहे खा, मी थांबतो."

ठेलेवाल्याने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि तीनदा चूळ भरायला लावली. शेजारच्या गाडीवरून मी प्लेटभर कोरडे पोहे आणले. तो उभ्याने खात होता तोवर मी उरलेल्या आठ जणांना रक्तगट विचारून फाइलच्या मागच्या पानावर लिहून घेतले. दोघांना माहीत नव्हता. त्यांना मी लॅबचा पत्ता दिला. औषध लागू पडायला अजून दोनतीन महिने होते, एका माणसावर भागणार नव्हतं.

मग त्याला मागे बसवलं आणि आठच्या आत रक्तपेढीत पोचले.